वाचकांचे प्रश्न : संगणकाचं घड्याळ का चुकतं?

घड्याळाबद्दलची पत्रं साठत गेली होती, ती या अंकात एकत्र घेतली आहेत. बहुतेकांनी ‘घड्याळ चुकतंय’ एवढंच लिहिलंय. किती चुकतंय हे लिहिलं असतं तर निम्मं निदान तिथेच झालं असतं. वर्षच मागे गेलं असेल तर सेल संपलाय. बरोबर साडेपाच तासांचा फरक असेल तर टाइम झोनचा घोळ. आणि काही सेकंदांचा किंवा मिनिटांचा फरक हळूहळू वाढत असेल तर इंटरनेटवरून वेळ घेणं बंद पडलंय. सर्व्हरचे पत्ते आणि कमांड इथे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरा.

प्रश्न : दुकानातला डेस्कटॉप सकाळी सुरू केला की तारीख काही वर्षं मागची दाखवतो. इंटरनेट चालू असूनही वेबसाइट उघडत नाहीत, ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ असं येतं. टाइम सर्व्हर बदलून पाहिला, फरक पडला नाही. (स्टेशनरी दुकानदार, बार्शी)

सर्व्हर कितीही बदललात तरी पडणार नाही. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला आहे. रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा, २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा, ३ व्होल्टचा. संगणक बंद असताना घड्याळ याच्यावर चालतं. प्लग लावलेला आणि बटण चालू असेल तर पॉवर सप्लायच्या स्टँडबाय लाइनवरून घड्याळाला वीज मिळते आणि सेलवर भार येत नाही. दुकानदार मात्र रात्री मेन स्विच पाडून जातात, त्यामुळे दुकानातले सेल घरातल्यांपेक्षा लवकर संपतात.

वेबसाइट का उघडत नाहीत? प्रत्येक सुरक्षित वेबसाइटच्या प्रमाणपत्राला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. तुमच्या संगणकाच्या लेखी आजची तारीख त्या मुदतीच्या आधीची आहे, म्हणून ब्राउझर प्रमाणपत्र नाकारतो. इशाऱ्याच्या खाली बारीक अक्षरांत ‘सर्ट डेट इनव्हॅलिड’ असं दिसलं तर आधी घड्याळाकडे बघा, राउटरला हात लावू नका. बिलिंगचं सॉफ्टवेअर तर तारीख तपासल्याशिवाय उघडूच नका. चुकीच्या तारखेची बिलं निस्तरायला सेल बदलण्यापेक्षा फार जास्त वेळ जातो.

सेल बदलण्याआधी बायोसमधली (संगणक सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधली) सेटिंग्ज मोबाइलवर टिपून घ्या, विशेषतः बूट ऑर्डर आणि साटा मोड. सेल काढला की ही सेटिंग्ज मूळ स्थितीला जाऊ शकतात, आणि साटा मोड ‘एएचसीआय’ऐवजी दुसराच झाला तर विंडोज सुरूच होत नाही. ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं डेटा कुलूपबंद करणारं साधन) असेल तर रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा, ती मागितली जाण्याची शक्यता असते. मग संगणक बंद करा, प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. सेलच्या कडेची पत्र्याची क्लिप नखाने बाजूला सारली की सेल आपोआप वर येतो. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. सॉकेट तुटलं तर बोर्ड दुरुस्तीला जातो. नवा सेल बसवताना अधिक चिन्हाची, छापील बाजू वर. जुना मल्टिमीटरवर मोजून पाहा. नवा सेल ३ व्होल्टच्या किंचित वरच दाखवतो. जुना २.७ च्या खाली गेलेला असेल तर निदान पक्कं. लॅपटॉपमध्ये हाच सेल अनेकदा काळ्या आवरणात, दोन वायरींच्या कनेक्टरसह असतो. तो तसाच मागून घ्यावा, नुसता सेल घेऊन वायरी डकवू नयेत.

यानंतर एक पायरी राहते आणि तीच लोक विसरतात. सेल बदलल्यावर तारीख आधी हाताने जवळपास बरोबर लावा, मग ‘सिंक नाऊ’ दाबा. घरगुती विंडोजमध्ये वेळ सेवेला मूळ सेटिंगनुसार ५४,००० सेकंदांची, म्हणजे १५ तासांची मर्यादा असते. फरक त्याहून मोठा असला की ती सर्व्हरवर विश्वास ठेवत नाही आणि घड्याळ आहे तसंच सोडून देते. तुम्ही सर्व्हर बदलत राहिलात तेव्हा नेमकं हेच होत होतं.

प्रश्न : तत्काळ तिकिटासाठी संगणकाचं घड्याळ सेकंदावर हवंय. कोणता सर्व्हर सगळ्यात अचूक? (नाशिक रोड)

एसीचं तत्काळ १० वाजता आणि बिगर-एसीचं ११ वाजता उघडतं ते तिकीट यंत्रणेच्या घड्याळावर, तुमच्या नाही. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, त्यात ‘डेट अँड टाइम’, तिथे ‘सिंक नाऊ’ दाबलंत की कोणत्याही चांगल्या सर्व्हरवरून एका सेकंदाच्या आत वेळ जुळते. त्यापुढची अचूकता तिकिटाच्या कामाची नाही. प्रवाशांची माहिती आधी भरून ठेवण्यात जास्त सेकंद वाचतात.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत १४ संगणक आणि एक सर्व्हर आहे. ऑडिटरने लिहून दिलंय की ‘सर्व यंत्रांची वेळ एनपीएल किंवा एनआयसीशी जुळलेली असावी’. प्रत्येक संगणकावर पत्ता टाकायचा का? काही संगणकांवर ‘टाइम आउट’ येतं. (शाखा व्यवस्थापक, इचलकरंजी)

ऑडिटर बरोबर आहेत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या-संस्था आणि सरकारी कार्यालयं यांनी आपली घड्याळं नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटर किंवा नॅशनल फिजिकल लॅबोरेटरी यांच्या वेळेशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जोडावीत असं म्हटलं आहे. याच निर्देशांत लॉग (यंत्रांनी ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस जपण्याची आणि सायबर घटना ६ तासांत कळवण्याची अट आहे. लॉगमधल्या वेळाच एकमेकींशी जुळत नसतील तर ते जपून उपयोग काय, असा त्यामागचा सरळ हिशेब. घरच्या वापरकर्त्यांना हे लागू नाही. पतसंस्थेने मात्र ते आपल्याला लागू आहे असं धरूनच चालावं.

भारतीय प्रमाणवेळ राखण्याचं काम दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीकडे आहे, तिथल्या सीझियमच्या अणुघड्याळांवर. तिचा सर्व्हर ‘टाइम.एनपीएलइंडिया.ओआरजी’. एनआयसीचे दोन, ‘समय१.एनआयसी.इन’ आणि ‘समय२.एनआयसी.इन’, इथे ‘समय’चं स्पेलिंग एस-ए-एम-ए-वाय आणि त्याला चिकटून आकडा.

चौदाही यंत्रांना बाहेर पाठवू नका. एकच यंत्र बाहेरून वेळ घेईल आणि बाकीची त्याच्याकडून घेतील अशी रचना करा. ऑफिसात विंडोज डोमेन (सगळ्या संगणकांचं लॉगिन एका सर्व्हरवरून चालणारी व्यवस्था) असेल तर ती आधीच तशी असते: सगळे संगणक डोमेन कंट्रोलर या सर्व्हरकडून वेळ घेतात आणि बाहेरचा पत्ता फक्त पीडीसी एम्युलेटरची (म्हणजे मुख्य घड्याळाची) भूमिका असलेल्या कंट्रोलरवर द्यायचा असतो. तिथे संगणकासंगणकावर हाताने पत्ते टाकाल तर उलट त्रास, कारण डोमेनमध्ये घड्याळ पाच मिनिटांपेक्षा जास्त चुकलं की लॉगिनच नाकारलं जातं.

डोमेन नसेल तर एखाद्या लिनक्स यंत्रावर क्रोनी हा वेळ जुळवणारा प्रोग्रॅम बसवा. त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये वरचे तीनही सर्व्हर प्रत्येकी एका ओळीत, शेवटी ‘आयबर्स्ट’ शब्द जोडून लिहा. त्याने सुरुवातीला लागोपाठ काही विचारणा होतात आणि वेळ लवकर जुळते. मग ‘अलाउ १९२.१६८.१.०/२४’ अशी ओळ, अर्थात तुमच्या नेटवर्कचा आकडा घालून. इंटरनेट गेलं तरी आतल्या यंत्रांना वेळ मिळत राहावी म्हणून ‘लोकल स्ट्रेटम १०’. बाकी संगणकांवर कंट्रोल पॅनेल, ‘डेट अँड टाइम’, ‘इंटरनेट टाइम’ टॅब, ‘चेंज सेटिंग्ज’, आणि तिथे या यंत्राचा आयपी पत्ता.

सर्व्हर एकापेक्षा जास्त का? एकच असेल तर तो चुकला हे कळायला मार्ग नाही. दोन असतील आणि त्यांचं जमलं नाही, तर खरा कोण ते ठरत नाही. तिघांत बहुमत होतं, आणि चौथा असला की एक बंद पडला तरी बहुमत टिकतं. म्हणून चौथी ओळ म्हणून ‘इन.पूल.एनटीपी.ओआरजी’ घालायला हरकत नाही, फक्त आधी ऑडिटरना विचारा. गूगलचा टाइम सर्व्हर मात्र यात मिसळू नका. लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला घड्याळात अधूनमधून घातलेला जादा सेकंद) आला की तो एक सेकंद २४ तासांवर पसरून देतो आणि बाकीचे एकदम देतात, त्यामुळे त्या दिवशी सर्व्हरांत अर्ध्या सेकंदापर्यंत मतभेद होऊ शकतो. लीप सेकंद शेवटचा आला तो आपल्याकडे १ जानेवारी २०१७ च्या पहाटे साडेपाचला, तेव्हा ही काळजी रोजची नाही; पण नियम पाळायला काही खर्चही नाही.

आता ‘टाइम आउट’. वेळेची विचारणा यूडीपी १२३ या पोर्टवरून होते. वेबसाइट उघडतात म्हणजे हे पोर्टही उघडं असेल असं नाही. बऱ्याच ऑफिसांच्या फायरवॉलमध्ये फक्त वेब आणि मेल मोकळं सोडलेलं असतं. तपासायला कमांड प्रॉम्प्टवर ‘डब्ल्यू३२टीएम /स्ट्रिपचार्ट /कॉम्प्युटर:’ आणि त्यापुढे सर्व्हरचा पत्ता द्या. प्रत्येक ओळीत तुमच्या घड्याळाचा फरक सेकंदांत दिसला तर रस्ता मोकळा आहे. ‘०एक्स८००७०५बी४’ ही एरर येत राहिली तर उत्तर परत येत नाही. अशा वेळी फायरवॉलमध्ये फक्त त्या एका लिनक्स यंत्राला बाहेर जाणारं यूडीपी १२३ उघडून द्या. बाकी तेरा चौदा यंत्रांसाठी उघडायची गरजच उरत नाही, हा या रचनेचा दुसरा फायदा.

क्रोनी चालतंय का ते ‘क्रोनीसी सोर्सेस’ सांगतं. ज्या सर्व्हरपुढे तारा आहे त्याच्याकडून वेळ घेतली जातेय. प्रश्नचिन्ह म्हणजे संपर्क नाही. फुलीसारखा एक्स म्हणजे इतरांशी न जुळणारा, म्हणून नाकारलेला. ‘रीच’ स्तंभात ३७७ दिसलं तर शेवटच्या आठही विचारणांना उत्तर मिळालंय. आकडा अष्टमान पद्धतीचा आहे, त्यामुळे तो ३७७ च्या वर कधीच जात नाही.

प्रश्न : उत्तर इंटरनेटवरून यायलाच वेळ लागतो. मग वेळ अचूक कशी मिळते? (बारावीचा विद्यार्थी, लातूर)

अमेरिकी संशोधक डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या, नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या एनटीपी या पद्धतीची खुबी इथेच आहे. एकूण चार क्षणांच्या वेळा नोंदवल्या जातात. समजा तुमचं घड्याळ २ सेकंद मागे आहे. तुमच्या घड्याळात १०:१५:२०.००० असताना विचारणा निघाली. सर्व्हरला ती त्याच्या घड्याळात १०:१५:२२.०३० ला मिळाली, त्याने २२.०३१ ला उत्तर धाडलं आणि तुमच्या घड्याळात २०.०६१ ला ते पोहोचलं. जातानाचा फरक २.०३० सेकंद, येतानाचा १.९७०. दोन्हींची सरासरी बरोबर २.०००. प्रवासाचा वेळ एकदा मिळवला जातो आणि एकदा वजा होतो, म्हणून कटून जातो. एकूण प्रवास ०.०६० सेकंद.

यात एक गृहीत आहे: जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो. जाताना ५० आणि येताना १० मिलिसेकंद लागले, तर उत्तर दोन्हींच्या फरकाच्या निम्म्याने, म्हणजे २० मिलिसेकंदांनी चुकेल. चूक एकूण प्रवासाच्या निम्म्याहून जास्त मात्र होऊ शकत नाही. जवळचा सर्व्हर घ्या असं सांगतात ते यासाठी.

प्रश्न : एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू आहे. उबुंटू वापरून विंडोजमध्ये आलो की घड्याळ साडेपाच तास मागे. (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, पुणे)

दोघींचं मदरबोर्डच्या घड्याळाबद्दल एकमत नाही. लिनक्स त्यात जागतिक वेळ लिहिते. विंडोज डॉसच्या काळापासून स्थानिक वेळ लिहीत आलंय. उबुंटूने दुपारी ३ वाजता त्यात ०९:३० लिहिलं, विंडोज ते वाचून म्हणतं सकाळचे साडेनऊ वाजलेत. उलट दिशेने गेलात तर उबुंटू इंटरनेट मिळेपर्यंत साडेपाच तास पुढे धावेल.

एकीला समजावलं की पुरे. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये ‘सुडो टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ दिलंत की तीही स्थानिक वेळ लिहू लागते. नंतर ‘टाइमडेटसीटीएल’ चालवलंत की एक लांबलचक इशारा दिसेल: ही पद्धत पूर्णपणे पाठिंबा असलेली नाही, टाइम झोन बदलताना आणि उन्हाळी वेळ सुरू-बंद होताना गडबड होईल. भारतात उन्हाळी वेळ नाही आणि देशभर एकच टाइम झोन आहे, त्यामुळे इथे वापरणाऱ्याला त्या इशाऱ्याने बिचकायचं कारण नाही. परदेशी शिकायला जाणार असाल तर मात्र दुसरा उपाय करा: हा आकडा पुन्हा ० करा आणि विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘करंटकंट्रोलसेट’, ‘कंट्रोल’, ‘टाइमझोनइन्फर्मेशन’ या जागी ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ नावाची डीवर्ड नोंद करून किंमत १ ठेवा. दोन्ही उपाय एकदम केलेत तर घड्याळ पुन्हा साडेपाच तासांनी सरकेल, यावेळी उलट्या बाजूला.

प्रश्न : सोसायटीच्या सीसीटीव्हीत वेळ १७ मिनिटं पुढे आहे. चोरीचं फुटेज पोलिसांना द्यायचंय. आधी वेळ दुरुस्त करावी का? (सचिव, डोंबिवली)

नाही. आधी फरक नोंदवा. डीव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचं चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावरची वेळ आणि शेजारी धरलेल्या, इंटरनेटवरून वेळ घेणाऱ्या मोबाइलवरची वेळ, दोन्ही सेकंदांसह एकाच फोटोत येतील असा फोटो काढा. तारीख, फरक, डीव्हीआरचा मॉडेल क्रमांक असं लिहून दोघांच्या सह्या घ्या. फुटेज काढून पोलिसांकडे दिल्यावरच घड्याळाला हात लावा. १७ मिनिटांचा फरक सांगता येतो आणि समजावता येतो. आधी दुरुस्त केलंत तर तो किती होता याचा पुरावाच उरत नाही. शिवाय घड्याळ मागे नेल्यावर १७ मिनिटांचं चित्रीकरण त्याच वेळांवर दुसऱ्यांदा होतं, आणि काही डीव्हीआर प्लेबॅकमध्ये त्यातलं एकच दाखवतात. म्हणून दुरुस्तीही कोणी ये-जा करत नसेल अशा वेळी करा.

दुरुस्ती अशी: टाइम झोन जीएमटी +०५:३०. डेलाइट सेव्हिंग बंद; हा खोका चुकून टिकला गेल्याने तासभर पुढे धावणारे डीव्हीआर बरेच सापडतात. एनटीपी चालू, पोर्ट १२३, वेळ विचारण्याचं अंतर ६० मिनिटं. सर्व्हरच्या नावाने वेळ येत नसेल तर नेटवर्कच्या पानावर गेटवे आणि डीएनएस पाहा. बसवणाऱ्याने आयपी हाताने दिलेला असतो आणि डीएनएसची जागा रिकामी किंवा भलतीच असते, मग नावाचा पत्ता सापडत नाही. तिथे राउटरचा आयपी टाकला की बहुतेक वेळा काम होतं. कॅमेरे आयपीचे असतील तर त्यांची घड्याळं वेगळी असतात. त्यांना एनव्हीआरकडूनच (आयपी कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरकडूनच) वेळ घ्यायला लावा, नाहीतर चित्रावर छापलेली वेळ एक आणि फाइलची दुसरी.

प्रश्न : लॉगिनसाठी मोबाइल ॲपमधला सहा आकडी कोड टाकतो, तो ‘चुकीचा’ म्हणून परत येतो. (रत्नागिरी)

हा कोड वेळेवरून तयार होतो आणि साधारण दर ३० सेकंदांनी बदलतो. मोबाइलची वेळ एखाद्या मिनिटाने जरी चुकली तरी कोड जुळत नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये वेळ आपोआप लावण्याचा पर्याय चालू करा. एसएमएसने येणाऱ्या ओटीपीचा याच्याशी संबंध नाही.

प्रश्न : द्राक्षबागेत रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर तापमान-आर्द्रतेची नोंद ठेवतो. तिथे इंटरनेट नाही. वीज गेली की नोंदींच्या वेळा बिघडतात. (द्राक्ष बागायतदार, तासगाव)

पाय ४ आणि त्याआधीच्या मॉडेलांवर बंद असताना चालणारं घड्याळच नसतं. शेवटची वेळ फाइलमध्ये लिहून ठेवून सुरू झाल्यावर तिथूनच पुढे मोजलं जातं, म्हणजे चार तास वीज गेली तर किमान चार तास मागे. पाय ५ वर घड्याळ आहे, पण त्याचा सेल वेगळा घेऊन जोडावा लागतो.

तुम्हाला डीएस३२३१ चिपचं मॉड्यूल हवं. स्वस्तातलं डीएस१३०७ घेऊ नका. ते ५ व्होल्टचं आहे आणि त्याला तापमान सांभाळता येत नाही. साधा ३२,७६८ हर्ट्झचा स्फटिक २५ अंशांला सगळ्यात बरोबर चालतो, त्यापासून दोन्ही बाजूंना गेलं की मंदावतो. उन्हातल्या पत्र्याच्या डब्यात आत ५५ अंश झाले तर दिवसाला अडीच सेकंदांहून जास्त मागे पडेल. डीएस३२३१ स्वतःचं तापमान मोजून दुरुस्ती करतो. ० ते ४० अंशांत त्याची चूक दहा लाखांत २ इतकी, म्हणजे वर्षाला जेमतेम एक मिनिट.

जोडणी चार वायरींची: मॉड्यूलचं व्हीसीसी पायच्या १ नंबरच्या पिनला म्हणजे ३.३ व्होल्टला, एसडीए ३ ला, एससीएल ५ ला, ग्राउंड ६ ला. ‘झेडएस-०४२’ छापलेलं निळं मॉड्यूल मिळालं तर जपून. त्यावर सेल चार्ज करणारा डायोड आणि ‘२०१’ लिहिलेला रेझिस्टर असतो, आणि सोबत येणारा किंवा आपण घालतो तो सीआर२०३२ चार्ज करायचा सेल नव्हे. ५ व्होल्ट दिलेत तर त्याच्यावर ४.४ च्या आसपास व्होल्ट पडतात. सेल फुगतो, गळतो. ३.३ व्होल्टवर डायोडमुळे २.७ च उरतात म्हणून धोका टळतो, तरी तो रेझिस्टर सोल्डरिंग आयर्नने काढून टाकलेला बरा.

रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंग्जच्या प्रोग्रॅममध्ये आय-टू-सी (चिपशी बोलायची जोडणी) चालू करा. ‘आय२सीडिटेक्ट -वाय १’ दिल्यावर तक्त्यात ६८ दिसलं पाहिजे. ५७ ही दिसेल, ती मॉड्यूलवरची मेमरी. काहीच दिसलं नाही तर एसडीए आणि एससीएल उलट झालेत का ते बघा. कॉन्फिग फाइलच्या शेवटी ‘डीटीओव्हरले=आय२सी-आरटीसी,डीएस३२३१’ ही ओळ घालून यंत्र पुन्हा सुरू करा. आता तक्त्यात ६८ च्या जागी ‘यूयू’ येईल, म्हणजे ड्रायव्हरने चिप ताब्यात घेतली. मोबाइलचा हॉटस्पॉट द्या, ‘डेट’ कमांडवर वेळ बरोबर दिसेपर्यंत थांबा, मग ‘सुडो एचडब्ल्यूक्लॉक -डब्ल्यू’ने ती चिपमध्ये लिहा आणि ‘-आर’ने वाचून खात्री करा. थांबण्याची घाई केलीत तर चुकीचीच वेळ चिपमध्ये जाईल, आणि पुढे ती चूक इमानेइतबारे जपली जाईल.